गोधडीवरचा चतुर

काल सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, मी दार उघडायला गेले आणि कडीला हात लागला तर ती गार. दिवाळीचा आकाशकंदील अजून गॅलरीत लोंबतो आहे, दुपारी पंखा लावावा लागतो, पण नाशिकला थंडी अशीच येते. आधी लोखंडाला येते, मग फरशीला, मग मखमलाबाद रोडच्या मळ्यांवर सकाळी धुक्याची एक पातळ पट्टी दिसायला लागते. मग लोक एकमेकांना सांगत सुटतात की यंदा कडाक्याची पडणार. असं ते दरवर्षी सांगतात. घराघरांतून ट्रंका उघडतात, डांबरगोळ्यांचा वास जिन्यात उतरतो, आणि गच्च्यांच्या कठड्यांवर रजया, चादरी, स्वेटर असं सगळं उन्हात पडतं.

या दिवसांत कुणाला शेकोटी आठवते, कुणाला हुरडा. मला चांदवडकर सर आठवतात, आणि अंगात ऊब येते. रागाची ऊब स्वेटरपेक्षा बरी असते. लोक सांगतात की राग माणसाला आतून पोखरतो, झोप उडवतो, रक्तदाब वाढवतो. माझा रक्तदाब उत्तम आहे.

सर म्हणजे आमच्या फोटो क्लबाचे सर्वेसर्वा. ते कुठल्या शाळेत किंवा कॉलेजात शिकवत होते असं नाही, त्यांचं घरचं रंगांचं दुकान होतं. पण उंची होती, आवाज होता, खांद्यावर शाल घेण्याची पद्धत होती, म्हणून सगळे त्यांना सर म्हणायचे. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा फोटो म्हणजे रोल, रोल म्हणजे जपून जपून दाबलेलं बटण, आणि धुऊन येईपर्यंत जिवाला लागलेला घोर. माझे यजमान ओझरच्या विमान कारखान्यात होते. त्यांच्या एका सहकाऱ्याने हौसेने घेतलेला आणि हौस फिटल्यावर कपाटात टाकलेला कॅमेरा त्यांनी घरी आणला. कारखान्याची बस अंधारातच यायची. ते गेले, मुलगी अजून झोपलेली, सासूबाई देवपूजेत, असा जो मधला वेळ मिळायचा तो माझा होता. त्या वेळेत मी किडे बघायला शिकले.

आमच्या घराला लागून एक रिकामा प्लॉट होता. घाणेरी, रुई, कमरेएवढं गवत आणि कुणीतरी टाकलेल्या विटा. पलीकडे झेंडूचा मळा. पावसाळाभर त्या प्लॉटमध्ये नुसती धावपळ असायची, आपण कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत तिथे कुणी थांबायचं नाही. पण आश्विन सरला, रात्री गार व्हायला लागल्या की सगळं मंदावायचं. सकाळी गवतावर नाकतोडे असायचे, पाय पोटाशी घेऊन, आणि आपण जवळ गेलो की उडण्याऐवजी काडीच्या मागच्या बाजूला सरकायचे, लपाछपीतल्या मुलासारखे. मधमाश्या झेंडूच्या फुलात डोकं खुपसून तशाच रात्रभर झोपलेल्या. रुईच्या पानाखाली पिवळ्या, काळ्या, पांढऱ्या पट्ट्यांचा सुरवंट, स्पर्श केला तरी ढिम्म. किड्यांना अंगची ऊब नसते, ती उन्हाकडून घ्यावी लागते. ऊन पोचेपर्यंत ते जिथे आहेत तिथे अडकलेले असतात. थंडी त्यांना धरून ठेवते आणि आपण बघायचं, एवढंच ते काम होतं.

जवळून फोटो काढायची खास लेन्स मिळायची, पण ती आमच्या आवाक्यातली नव्हती. कुणीतरी सांगितलं की साधीच लेन्स काढून उलटी लावली तर ती भिंगासारखी चालते. ती उलटी अडकवायला यजमानांनी अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर कडं करून आणलं. उलट्या लेन्सची एक खोड असते. एखाद्या केसाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट येतो, बाकी सगळं धूसर. म्हणून लेन्स न फिरवता आपणच पुढेमागे डुलायचं, श्वास रोखून, आणि किड्याचा डोळा स्पष्ट दिसला की त्याच क्षणी बटण दाबायचं. श्वास सोडला तर थंडीत काच धुरकटते. मला त्या रोखलेल्या श्वासाची इतकी सवय झाली की कुणाचा राग आला तरी मी आधी तसाच श्वास रोखते.

"काय गं, त्या किड्याचं लगीन हाय का आज, फोटू काढतीयास ते?" सासूबाई ओट्यावरून विचारायच्या. त्या घोटीकडच्या. शहरात येऊन त्यांची हयात गेली तरी बोली त्यांनी सोडली नव्हती. माझ्या किड्यांचं त्यांनी कधी कौतुक केलं नाही, पण मी गवतात पालथी पडलेली असले की कुणी आलं तर त्या दारातच सांगायच्या, "ती कामात हाय. बसा जरा."

सरांना या सगळ्याची गरज नव्हती. ते थंडीची वाट बघत बसत नसत, त्यांच्याकडे फ्रीज होता. फुलपाखरू, नाकतोडा, काय सापडेल ते स्टीलच्या डब्यात घालून ते फ्रीजमध्ये ठेवायचे. जीव सुन्न झाला की बाहेर काढून फुलावर बसवायचा, वरून ग्लिसरीनच्या पाण्याची फवारणी करायची, की झालं दव. क्लबात हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या पत्नीने एकदा कोथिंबिरीचा डबा समजून नको तो डबा उघडला होता, हा किस्सा ते स्वतःच हसत हसत सांगायचे. डब्यातून निघालेला किडा फोटोत लगेच ओळखू येतो. त्याचे पाय कशालाच धरून नसतात, त्याला तिथे ठेवलेलं असतं. सरांच्या फोटोंना बक्षिसं मिळायची. मला तेव्हा त्याचा राग नव्हता, नुसतं वाईट वाटायचं. राग पुढचा आहे.

त्या वर्षी कार्तिक लागता लागता सासूबाईंनी गोधड्या धुवायला काढल्या. भाताच्या खाचरांजवळच्या गारठ्यात वाढलेलं माणूस, थंडीच्या आधी गोधड्या धुऊन, कडकडीत वाळवून ठेवणं हे त्यांच्या लेखी सणाचंच काम होतं. त्यांतली एक शेंदरी. त्यांच्या स्वतःच्या लुगड्याची, त्यांनीच शिवलेली. पांढऱ्या दोऱ्याच्या ओळींवर ओळी, आणि एका कोपऱ्यात दोरा संपला म्हणून सरळ हिरवा घेतलेला. भिजली की ती गोधडी आम्हा दोघींना मिळून उचलत नसे. एका दिवसात वाळायचीही नाही. म्हणून रात्रभर काथ्याच्या दोरीवर तशीच राहिली.

सकाळी मी बाहेर आले तर अंगणात धुकं होतं आणि दोरीच्या उसवलेल्या एका काथ्याला चतुर लटकलेला होता. आमची मुलगी त्याला हेलिकॉप्टर म्हणायची. रात्री कधीतरी तो तिथे येऊन टेकला असणार. चारही पंख पसरलेले, आणि पंखांच्या जाळीतल्या घराघरात दवाचा एकेक थेंब. डोळ्यांवर दव, पाठीवर दव, शेपटीच्या टोकाला एक मोठा थेंब, पडू का नको अशा बेतात. मी गुडघ्यांवर बसले. माझ्या पाठीमागून ऊन वर येत होतं, ते आधी गोधडीवर पडलं आणि ती अख्खी पेटल्यासारखी झाली. चतुर तिच्यापुढे, माझ्या सावलीत, अजून गार, अजून अडकलेला. मी डुलत डुलत पुढे गेले, मागे आले. मग ऊन त्याच्या डोक्यापर्यंत पोचलं आणि त्याने पुढचा एक पाय हळूच उचलून डोळ्यावरचं पाणी पुसलं. जाग आल्यावर माणूस पुसतं तसं. मी बटण दाबलं.

त्यानंतर तो पंख थरथरवत बसला आणि थोड्या वेळाने उडून गेला. सासूबाई म्हणाल्या, "झालं का? आता मला गोधडी उलटी करू दे." मी ती त्यांच्याबरोबर उलटी केली.

प्रिंट आली पोस्टकार्डाएवढी. क्लबात ती हातोहात फिरली. फोटोत तो काथ्या गवताच्या वाळक्या काडीसारखा दिसत होता आणि मागे नुसतं शेंदरी तेज. सरांनी प्रिंट बराच वेळ धरून ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, हात चांगला आहे तुमचा. हे मोठं करायला हवं. इथले लॅबवाले वाट लावतील. मुंबईला माझा माणूस आहे. निगेटिव्ह द्या."

मी दिली. त्या काळात फोटो काढणारा माणूस घराची किल्ली शेजाऱ्याला देईल, पण निगेटिव्ह देताना दहादा विचार करील, कारण प्रिंट कितीही निघतात, निगेटिव्ह एकच. पण आमच्या क्लबात सरांकडे निगेटिव्ह देणं हा मान समजला जायचा. सरांनी मागितली, याचंच कौतुक. काही महिन्यांनी पाकीट परत आलं. त्यात बाकीच्या पट्ट्या होत्या, ती नव्हती. "लॅबवाल्याने कुठेतरी हरवली, वहिनी. मी त्याला फार बोललो," सर म्हणाले. मी विश्वास ठेवला. घरी येऊन थोडी रडले आणि पुढच्या थंडीची वाट बघत राहिले.

पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या थंडीत क्लबाचं मोठं प्रदर्शन भरलं. दारातून आत शिरले तर समोरच्या भिंतीवर माझा चतुर. दाराएवढा मोठा केलेला. खाली पाटी होती, 'सूर्याला अर्घ्य', आणि त्याखाली सरांचं नाव.

त्या क्षणी काय वाटलं ते सांगण्याचा मी अनेकदा प्रयत्न केला आहे. स्वतःच्या मुलीला दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या आडनावाने हाक मारलेली ऐकावी तसं काहीसं. मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, हा माझा फोटो आहे."

ते दचकलेसुद्धा नाहीत. शेजारी क्लबात नवीन आलेले दोघं उभे होते, त्यांना ऐकू जाईल इतक्या बेताने, फार मायेने म्हणाले, "वहिनी, असं काय करता? ती छोटी प्रिंट मीच तुम्हाला दिली होती ना, अभ्यासाला?"

त्या दोघांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया होती. हौशी बाई, दोन-चार फोटो काढले, डोक्यात गेलं. चोरी मी एखादवेळी गिळली असती. ती दया मला अजून गिळता आलेली नाही.

मी श्वास रोखून पुन्हा फोटोसमोर जाऊन उभी राहिले. आणि मग दिसलं. गोधडीची घडी खालच्या कोपऱ्यात थोडी पुढे आली होती, चतुराच्या जवळ. पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटमध्ये तिथे काहीच कळत नव्हतं. दाराएवढ्या प्रिंटमध्ये तिथे टाके होते. धूसर, पण ओळीने. पांढरे, पांढरे, पांढरे आणि मग हिरवे. फोटो इतका मोठा करण्याची हाव सरांना नडली होती आणि त्यांना ते अजून कळलं नव्हतं. मला हसू आलं. मी ते पदराआड लपवलं आणि घरी आले.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. चोरी झाल्याचं त्यांना फारसं नवल वाटलं नाही. त्या अडकल्या वेगळ्याच ठिकाणी.

"माझ्या गोधडीला सूर्य म्हनतो त्यो?"

"हो. सूर्याला अर्घ्य देतोय असं लिहिलंय खाली."

"दोन दिस गेले माझे ती धुवायला," त्या म्हणाल्या. "कधी जायचं?"

लगेच जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ होता, बाहेरगावचे पाहुणे येणार होते, हॉल भरणार होता. तोवरचे दिवस मी फार सुखात काढले. असं सुख मला पुन्हा कशातच मिळालं नाही. भाजी निवडताना, मुलीची वेणी घालताना, मध्येच ती गोष्ट आठवायची आणि जिभेवर गुळाचा खडा ठेवल्यासारखं वाटायचं. यजमान म्हणाले, "लेखी तक्रार कर, उगाच तमाशा नको." मी म्हटलं, तमाशाच हवा आहे.

शेवटच्या संध्याकाळी थंडी चांगलीच उतरली होती. आम्ही दोघी पंचवटीतून रिक्षाने गेलो. सासूबाईंच्या मांडीवर गोधडीची घडी, वर त्यांचे दोन्ही हात. रिक्षावाल्याला वाटलं आजारी माणसाला भेटायला दवाखान्यात निघालो आहोत. हॉलमध्ये सर पाहुण्यांना एकेक फोटो दाखवत फिरत होते, मागे सगळा क्लब. पाहुणे म्हणजे मुंबईचे एक वयस्कर, नावाजलेले छायाचित्रकार. सगळे माझ्या चतुरापुढे येऊन थांबले. आम्ही मागच्या रांगेत.

"हा गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यातला," सर सांगत होते. "पहाटे अंधारात निघालो. गुडघाभर पाण्यात उभा. पाय बधिर झालेले. आणि सूर्य वर आला तेव्हा हा जीव समोर असा, जणू अर्घ्य द्यायलाच थांबलेला."

"सूर्य फार मोठा आलाय," पाहुणे म्हणाले.

"थंडीच्या हवेत मोठा दिसतो."

"सर," मी म्हटलं, "तुमच्या सूर्याला टाके आहेत."

सगळे वळले. सर हसले, हाताने मला बाजूला करण्यासारखं काहीतरी केलं. पण पाहुणे चष्मा सावरून मी दाखवलेल्या कोपऱ्यापाशी वाकले होते. तोवर सासूबाई गर्दीतून वाट काढत पुढे पोचल्या.

"दादा, जरा हे टोक धरा," त्यांनी थेट पाहुण्यांना सांगितलं.

पाहुण्यांनी धरलं. घरातल्या मोठ्या बाईने घडी घालायला बोलावल्यावर माणूस निमूट धरतो, तसं. सासूबाई दुसरं टोक घेऊन मागे सरकल्या आणि हॉलच्या दिव्यांखाली गोधडी उलगडली. शेंदरी, फोटोतल्यापेक्षा जरा विटलेली. हिरव्या दोऱ्याचा कोपरा मी फोटोतल्या कोपऱ्याशेजारी नेऊन धरला. पांढरे, पांढरे, पांढरे, आणि मग हिरवे.

"सूर्य नाय हा," सासूबाई म्हणाल्या. "माझं लुगडं हाय."

मागे कुणीतरी हसलं. मग आणखी कुणी. सरांनी तेवढ्यात जी चूक केली ती केवळ त्यांनीच करावी. घाईघाईने म्हणाले, "गोधड्या काय, सगळीकडे सारख्याच असतात."

"म्हणजे गोधडी आहे तर," पाहुणे म्हणाले. गोधडीचं टोक त्यांच्या हातात तसंच होतं. "ती घेऊन गुडघाभर पाण्यात गेला होतात का तुम्ही?"

मग मात्र अख्खा हॉल हसला. ज्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं होतं ते दोघंही. सर हसले नाहीत. ते गोधडीकडे बघत राहिले. त्या हसण्याचा आवाज मी कानांत जपून ठेवला आहे, आणि अजूनही थंडीच्या सकाळी अंथरुणातून उठवत नसलं की मी तो ऐकते.

गोष्ट इथे संपायला हवी होती. संपली नाही, म्हणून तर राग उरला. दुसऱ्या दिवशी फोटो भिंतीवरून उतरला. नुसता उतरला. माझं नाव त्याच्याखाली लागलं नाही. निगेटिव्ह परत आली नाही. क्लबाच्या मंडळींनी घरी येऊन चहा घेतला आणि सांगितलं, "वहिनी, झालं ते झालं. सरांचं वय बघा. विषय वाढवू नका." मी विचारलं, "माझं नाव कधी लावताय?" तर ते बिस्किटांचं कौतुक करू लागले. तो फोटो माझा आहे हे त्या हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं होतं. पण माझं नाव खाली असलेला तो फोटो या जगात कुठेच नाही. एवढंच मला हवं होतं आणि तेवढंच मिळालं नाही.

मी क्लब सोडला नाही. सोडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. मी दर वर्षी नियमाने प्रदर्शनाला जायची, चांगली साडी नेसून. सरांसमोर जाऊन अदबीने विचारायची, "सर, यंदा सूर्य कुठे काढलात?" पहिल्या वर्षी त्यांनी मान फिरवली. दुसऱ्या वर्षी त्यांचा एकही किडा प्रदर्शनात नव्हता. पुढे ते मंदिरांचे कळस काढू लागले, मग घाट, मग साधूंचे चेहरे. फ्रीजमधला डबा पुन्हा कोथिंबिरीचा झाला असणार. मी त्या माणसाला किड्यांतून उठवलं. शहरातल्या कितीतरी फुलपाखरांनी माझे आभार मानायला हरकत नाही.

आणि मी मात्र काढत राहिले. खरं सांगायचं तर त्या वर्षांतले माझे सगळे चांगले फोटो मी त्यांच्यावरच्या रागाने काढलेले आहेत. थंडीत पहाटे पांघरुणाबाहेर पाय काढायचा तर काहीतरी कारण लागतं. सौंदर्याच्या ओढीने मी उठत होते असं म्हणणं शोभून दिसेल, पण मी उठत होते ते त्यांना दिसावं म्हणून. झेंडूत झोपलेली माशी, पंखांची शाल पांघरून बसलेला पतंग, दवाने वाकलेला नाकतोडा. प्रत्येक फोटोखाली नाव, ठळक, जरा जास्तच मोठं. रिकाम्या प्लॉटवर इमारत उभी राहिली तेव्हा मी मळ्यांकडे सरकले. झेंडू गेला, द्राक्षं आली, फवारण्या आल्या, किडे कमी झाले. रोल गेले, डिजिटल आलं, निगेटिव्ह हा शब्दच पोरांना समजेनासा झाला. सासूबाई गेल्या. राग तेवढा होता तसा राहिला, चांगल्या स्थितीत.

यजमान अधूनमधून म्हणतात, "सोड आता." मी विचारते, "कुठे सोडू?" मग ते चहा टाकायला उठतात.

गेल्या वर्षी असेच दिवस होते. क्लबाच्या नव्या सेक्रेटरी मुलीचा फोन आला. सर गेले होते. मी जे म्हणायचं असतं ते म्हटलं. मग ती चाचरत म्हणाली, "मॅडम, एक अडचण आहे. शोकसभेला सरांचा फोटोच नाहीये. सगळ्या फोटोंत त्यांच्या तोंडासमोर कॅमेरा आहे. एक पासपोर्टचा आहे, तो फार वाईट आहे. तुमच्याकडे एखादा असेल का?"

इतके फोटोग्राफर, आणि कुणाकडे त्यांचा चेहरा नव्हता. माझ्याकडे होता. त्या संध्याकाळी कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मी पर्स विसरते, कॅमेरा विसरत नाही. हॉल हसत होता, सर गोधडीकडे बघत होते, आणि मी श्वास रोखून एकच फोटो काढला होता, त्या दिवशी लेन्स सुलटी लावून. शाल खांद्यावरून जराशी घसरलेली, ओठ किंचित उघडे, डोळे कुठेतरी खोल गेलेले. कुणालाही न दाखवता तो इतकी वर्षं माझ्याजवळ होता.

"आहे," मी म्हटलं. "देईन. पण खाली माझं नाव हवं."

"हो मॅडम, देऊ ना."

"प्रिंटवरच हवं. फ्रेमच्या आत. स्पष्ट दिसेल असं. आणि प्रिंट मीच करून आणणार."

शोकसभेत तो लागला. दाराएवढा मी केला नाही, पण खिडकीएवढा नक्कीच केला. लोक त्याच्यासमोर थांबत होते. एक जण म्हणाले, "किती चिंतनात बुडालेत." दुसऱ्या कुणी म्हटलं, या फोटोत सरांच्या आतला कलावंत दिसतो. मी मान हलवली. सरांचा मुलगा माझ्याकडे आला, डोळे लाल झालेले. भला माणूस आहे, बापावर गेलेला नाही. म्हणाला, "काकू, बाबांना इतकं हळवं झालेलं मी कधी पाहिलं नाही. कशाकडे बघत होते ते?"

"प्रदर्शनातल्या एका कामाकडे," मी म्हटलं. हे खरंच आहे.

"हा फोटो आम्हाला घरी लावायचाय. निगेटिव्ह मिळेल का?"

"निगेटिव्ह मी कुणाला देत नाही, बाळ. हीच फ्रेम घेऊन जा."

परवा त्यांच्या घरी वर्षश्राद्धाचं बोलावणं होतं. मी गेले. दिवाणखान्यात, बरोबर समोरच्या भिंतीवर, सर होते. चंदनाचा हार, खाली छोटी फळी, फळीवर निरांजन आणि उदबत्तीचं घर. सूनबाईंनी माझ्यासमोरच उदबत्ती लावली, डोळे मिटून नमस्कार केला. फ्रेमच्या तळाशी, काचेच्या आत, काळ्या ठळक अक्षरांत लिहिलेलं आहे, 'छायाचित्र : कुंदा जाधव'. उदबत्तीचा धूर सरळ वर चढतो. तो आधी माझ्या नावावरून जातो, मग सरांच्या चेहऱ्याकडे.